खोड

ग्रिम्सबीत, गोदीच्या मागच्या गल्लीत,
मिसेस ब्लँचर्डची नाण्यांवर चालणारी धुलाई.
सात मशीन, दोन ड्रायर,
आणि दाराशी, जिथे घड्या घालायचं टेबल मावलं नसतं,
तिथे उभा लॅम्पमॅन.

दहा पेन्सांत तीन जीव.
ठेंगणा माणूस, हातात कंदील,
दीपगृहाचा जिना चढतोय.
सीगल डोळ्यांवर येतात, पायऱ्या ढासळतात,
आणि वर, कुठेतरी वर, विझलेला दिवा.

बाबा बर्फाच्या कारखान्यात होते.
त्यांच्या जर्सीतला अमोनिया
तीन पाण्यांतही निघायचा नाही.
आई मशीनच्या काचेकडे बघत बसायची,
मी ह्या काचेकडे.
नाणी संपली की क्लाइव्ह टॅस्करचा खेळ बघायचा.
नाक कायम वाहतं, एक इयत्ता पुढे,
आणि चार जिने वर.

त्या मशीनची दांडी डावीकडे अडायची.
कुणीतरी कधीतरी तिच्यात मिल्कशेक सांडला होता.
नुसतं ढकलून ती हलायची नाही.
आधी उजवीकडे न्यायची, श्वासाएवढी,
मग मनगटाचा झटका.
क्लाइव्हनंच शिकवलं, बोट न लावता, बाही नाकाला पुसत:
"आधी नाही म्हण. मग हो."

त्यानंच एकदा सांगितलं,
मी शेवटपर्यंत गेलो.
मग, काय आहे वर?
"काही नाही. दिवा लागतो. मग परत खाली."
खोटारडा, मी म्हटलं.
ड्रायर गरगरत होता, सगळ्यांनी ऐकलं.

परवा टॅमसिननं तो खेळ आणला,
एका पाइंटपेक्षा स्वस्तात, डब्याशिवाय, हवेतून.
टीव्हीला जोडलेल्या त्या काळ्या पेटीत उतरवून म्हणाली,
"घे आई, तुझा माणूस."
मी रात्रपाळीहून आलेली,
बोटं अजून मासळीच्या थंडीनं आखडलेली.

तो आला, आणि त्याचा कोट लाल.
दीपगृहाला लाल पट्टे.
म्हणजे आमच्या पडद्यातला लाल मेलेला होता,
आणि आम्ही समजत होतो
समुद्राकाठी रात्र अशीच हिरवी असते.

पहिल्याच पायरीवर मेले.
दुसऱ्यांदा मेले, तिसऱ्यांदा.
डावीकडे जायचं म्हणून माझा अंगठा
आधी उजवीकडे, श्वासाएवढा,
आणि इथली दांडी ऐकते!
लगेच ऐकते, सरळ कड्यावरून खाली.
जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.
इथे तर मशीन मेलं,
कधीच भंगारात गेलं,
आणि त्याची खोड माझ्या अंगठ्यात धडधाकट.

टॅमसिननं सेटिंगं उघडली.
काच फुगीर करता येते. पडदा थरथरवता येतो.
जुन्या टीव्हीच्या आडव्या रेघा येतात.
हवा तर लालसुद्धा मारता येतो.
"डावीकडे अडेल असं काही आहे का बघ."
तिनं सगळं खालपर्यंत बघितलं.
नव्हतं.

ती झोपायला गेली. मी बसले.
नाणं म्हणजे इथे एक बटण,
दाबलं की टिंग, दाबलं की टिंग,
ना खिसा हलका होतो, ना आईकडे बघावं लागतं.
एकतीस टिंग मोजले, मग मोजणं सोडलं.
चहावर साय धरली.
चौथा जिना. क्लाइव्हचा पाचवा.
पुढचे मी कधी पाहिलेच नव्हते,
तिथे सीगलही वेगळे, काळ्या चोचीचे, घाई नसलेले.

पावणेपाचला वर पोचले.
कंदील टेकवला. दिवा लागला.
एकदा फिरला, सगळ्या समुद्रावरून,
आणि माणूस पुन्हा खाली, पहिल्या पायरीशी,
कोट झटकत.

एवढंच.
अगदी एवढंच.

टॅस्कर मंडळी हलला गेली, बहुतेक शहाऐंशीत.
पुढचं मला माहीत नाही, आणि विचारणार कुणाला,
मिसेस ब्लँचर्डच्या जागी आता टायरवाला आहे.

मग मात्र मी मुद्दाम मेले, तिन्ही जीव,
सीगलांच्या हवाली.
पडद्यानं नाव मागितलं. तीन अक्षरं.
पहिल्या अक्षराशी जायला
मी आधी उजवीकडे गेले,
मग डावीकडे.